खिडकी बदलताय? काचेआधी कडा बघा

थंडी पडायला लागली की खिडकीजवळची खुर्ची आपोआप रिकामी राहू लागते. पल्ला लावलेला असतो, कडी घातलेली असते, तरी तिथे दहा मिनिटं बसलं की मान आणि खांदा गार पडतात. दोन-तीन रात्री असं झालं की घरात कोणीतरी म्हणतं, ‘या खिडक्याच बदलून टाकू.’ बदलायला हरकत नाही. पण त्याआधी गारठा नेमका कुठून येतोय हे शोधायला हवं, नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो आणि हा बंब बराच महागात पडतो.

बंद खिडकीजवळ थंडी वाजण्यामागे तीन वेगवेगळी कारणं असतात. पहिलं सरळ आहे: फटीतून बाहेरची हवा आत शिरते. दुसरं जरा फसवं आहे. काच गार असली की तिला टेकलेली खोलीतली हवाही गार होते, जड होते आणि काचेवरून खाली घसरत पायाशी येते. खिडकीला केसाएवढीही फट नसली तरी पायाला झुळूक लागते, आणि आपण उगाच फटी शोधत बसतो. तिसऱ्या कारणात हवेचा संबंधच नाही. आपलं शरीर सतत उष्णता बाहेर फेकत असतं. समोरची भिंत उबदार असेल तर ती जवळपास तेवढीच उष्णता परत पाठवते, गार काच त्याहून कमी पाठवते. म्हणून खोलीत तापमापक वीस अंश दाखवत असला तरी काचेकडची बाजू गारठते.

ही तिन्ही कारणं वेगळी ओळखायला एक उदबत्ती पुरते. वाऱ्याच्या दिवशी पडदे बाजूला करून ती चौकटीच्या कडेकडेने हळू फिरवा. धूर एका जागी झटक्याने आत वळला तर तिथे फट आहे. काचेसमोर धूर शांतपणे खाली उतरत गेला तर काच गार आहे. फट सापडली तर आणखी एक गोष्ट नीट बघा: ती पल्ला आणि चौकट यांच्यामध्ये आहे, की चौकट आणि भिंत यांच्यामध्ये? पल्ल्याची फट असेल तर कागदाची पट्टी मध्ये धरून पल्ला लावा आणि पट्टी ओढा. सहज निघून आली तर तिथलं रबर बसलंय किंवा बिजागरी उतरलीय. ते काम रबर बदलून, बिजागरी आवळून होतं. चौकट आणि भिंत यांच्यातली फट मात्र दिसतही नाही, कारण ती वरून प्लास्टर आणि रंगाने झाकलेली असते. या दुसऱ्या फटीकडे नवी खिडकी बसवतानाही कोणाचं लक्ष जात नाही. तिच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

जाड काच म्हणजे उबदार काच?

काच थंडी अडवते असं आपल्याला वाटतं. एकेरी काच वारा अडवते हे खरं, पण उष्णता अडवायच्या बाबतीत ती जवळजवळ नसल्यासारखीच असते. एकेरी खिडकीत जो काही थोडाफार अडथळा असतो, तो काचेच्या दोन्ही अंगांना चिकटून राहिलेल्या स्थिर हवेच्या पातळ थरांचा. काचेचा स्वतःचा वाटा नगण्य.

हे आकड्यात मांडायला ‘यू-व्हॅल्यू’ वापरतात. आत आणि बाहेर एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता निघून जाते, तो हा आकडा. जितका लहान तितका चांगला. ४ मिलिमीटर जाडीच्या एकेरी काचेचा यू सुमारे ५.८ असतो. जाडी दुप्पट करून ८ मिलिमीटर केली तर तो ५.६ च्या आसपास येतो. वजन दुप्पट, पैसे जास्त आणि फरक न जाणवण्याइतका! जाड काच आवाज कमी करते, वाऱ्याच्या दाबाला टिकते, पण थंडीसाठी ती घेण्यात काही अर्थ नाही.

अडथळा स्थिर हवेचा असेल तर तीच वाढवावी, हे ओघानं आलं. दोन काचांच्या मध्ये हवा कोंडून त्यांच्या कडा बंद करायची कल्पना जुनी आहे. थॉमस स्टेटसन यांनी १८६५ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं होतं. आजच्या दुहेरी काचेत दोन तावदानांच्या कडेने एक पोकळ पट्टी असते, तिला स्पेसर म्हणतात. पट्टीच्या पोटात ओलावा शोषणारे बारीक दाणे असतात आणि बाहेरून सगळं सीलबंद केलेलं असतं. मधलं अंतर बहुधा १२ ते १६ मिलिमीटर ठेवतात. आणखी वाढवलं तर आतली हवाच फिरायला लागते, एका काचेपाशी गरम होऊन वर आणि दुसरीपाशी गार होऊन खाली. मग कोंडून ठेवल्याचा उपयोग राहत नाही.

साध्या दुहेरी काचेने यू ५.८ वरून २.७–२.८ वर येतो, म्हणजे गळती निम्म्याहून कमी होते. तरीही हा आकडा मोठाच आहे. मध्ये इतकी छान हवा कोंडलेली असताना उष्णता जाते कुठून?

शाळेत आपण वहन, अभिसरण आणि प्रारण शिकलो, त्यातलं शेवटचं इथे कामाला येतं. उबदार काच समोरच्या गार काचेकडे प्रारणाने उष्णता फेकते, आणि त्यासाठी तिला मधल्या हवेची गरजच नसते. साध्या दुहेरी काचेत मधली पोकळी ओलांडणाऱ्या उष्णतेपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश या वाटेने जाते. हवा कितीही स्थिर ठेवली तरी ही वाट उघडीच राहते.

ती बंद करतो तो लो-ई (लो एमिसिव्हिटी, म्हणजे कमी प्रारण करणारा) लेप. एका काचेच्या पोकळीकडच्या बाजूवर धातूचा, बहुतेक वेळा चांदीचा, इतका पातळ थर देतात की तो डोळ्यांना दिसत नाही. जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यातून उजेड आत येतो, पण खोलीतल्या उष्णतेचं प्रारण आरशावर आदळल्यासारखं परत फिरतं. त्या तापमानाला जास्तीत जास्त जितकं प्रारण होऊ शकतं त्याच्या ८४ टक्के साधी काच करते, चांगला लेप असलेली काच ३ टक्क्यांच्या आसपास. थर्मासच्या आत चकचकीत मुलामा असतो तो याच कारणासाठी.

हवेऐवजी अरगॉन भरायचं हे त्यानंतरचं पाऊल. अरगॉन काही दुर्मिळ नाही, आपण श्वासात घेतो त्या हवेत तो जवळजवळ एक टक्का असतो. निष्क्रिय, बिनविषारी, आणि हवेपेक्षा उष्णता कमी वाहून नेणारा. क्रिप्टॉन त्याहून सरस, पण बराच महाग. तो जागा कमी असलेल्या अरुंद पोकळ्यांत वापरतात.

दुकानात ‘अरगॉन भरलेली काच’ असं मोठ्या अक्षरांत सांगितलं जातं, म्हणून हा हिशेब जवळ असू द्या. साधी दुहेरी काच: सुमारे २.७. तिच्यात लेप न देता नुसता अरगॉन भरला: २.६. अरगॉन न भरता नुसता लेप दिला: १.४ च्या आसपास. दोन्ही केलं: १.१. म्हणजे खरा पराक्रम लेपाचा आहे. लेप नसलेल्या काचेत अरगॉन भरणं म्हणजे दार उघडं टाकून खिडकीची फट बुजवण्यासारखं. विक्रेत्याला आधी लेपाबद्दल विचारा, अरगॉनबद्दल नंतर.

लेप दिसत नाही, मग दिला आहे हे कसं कळणार? काळोख पडल्यावर काचेसमोर पेटती काडी किंवा मोबाईलचा दिवा धरा आणि तिरकं बघा. दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, कारण पृष्ठभाग चार असतात. चारही सारख्याच रंगाची असतील तर लेप नाही. एकाचा रंग वेगळा, जरा तांबूस किंवा निळसर असेल तर लेप आहे, आणि तो कितव्या पृष्ठभागावर आहे हेही कळतं. पृष्ठभाग बाहेरून आत मोजतात. थंड हवेच्या ठिकाणी लेप बहुधा तिसऱ्यावर असतो, उन्हाळा जाचक असेल तिथे दुसऱ्यावर. काचा उलट्या बसल्या तरी यू बदलत नाही, उन्हाची किती ऊब आत येते ते बदलतं. कारागीर घाईत असेल तर काचा उलट्या बसूही शकतात, म्हणून ही काडी काम संपायच्या आधी पेटवावी.

तो आकडा कोणाचा आहे?

इथे बहुतेक लोक फसतात. माहितीपत्रकात ‘यू १.१’ लिहिलेलं असतं आणि आपण समजतो, आपली खिडकी १.१ ची. तो आकडा बहुतेक वेळा काचेच्या मध्यभागाचा असतो. पण खिडकी म्हणजे नुसता काचेचा मधला भाग नव्हे. तिला चौकट आहे, पल्ल्याच्या पट्ट्या आहेत आणि काचेच्या कडेने फिरणारा तो स्पेसर आहे. नेहमीच्या मापाच्या खिडकीत एकूण क्षेत्रफळाचा चौथा ते तिसरा हिस्सा चौकटीचाच असतो.

समजा खिडकी दीड चौरस मीटरची आहे. सत्तर टक्के काच, तीस टक्के चौकट. काच उत्तम, १.१ ची. चौकट मात्र साध्या अ‍ॅल्युमिनियमची, तिचा यू सात धरा. आता वाटे करून बेरीज करा: काचेचे ०.७७, चौकटीचे २.१. अख्खी खिडकी २.९ च्या जवळ गेली! म्हणजे भारीतली काच घेऊनही हातात आली साध्या दुहेरी काचेइतकी खिडकी. तीच काच १.२ यू असलेल्या यूपीव्हीसीच्या (म्हणजे कडक प्लास्टिकच्या) किंवा लाकडाच्या चौकटीत बसवली तर बेरीज १.१३ होते, आणि काचेच्या कडेचं नुकसान धरून १.३५ च्या आसपास थांबते. गरम स्वेटर घालून गुंड्या उघड्या टाकाव्यात, तसं साध्या अ‍ॅल्युमिनियमचं आहे.

कडेचं नुकसान म्हणजे काय? तो स्पेसर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर दोन्ही काचांना जोडणारा तो धातूचा पूलच असतो. काचेच्या खालच्या कडेला पाण्याची रेघ जमते आणि तिथेच रबर काळं पडतं, त्यामागे हाच पूल असतो. प्लास्टिकचा, फोमचा किंवा पातळ स्टेनलेस स्टीलचा स्पेसर घेतला तर वरच्या उदाहरणातला १.३५ सुमारे १.२५ वर येतो. बाजारात याला ‘वॉर्म एज’ म्हणतात. किमतीत फार फरक पडत नाही, त्यामुळे हा पर्याय मिळत असेल तर मी दुसरा विचार करणार नाही.

म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: हा आकडा काचेचा की पूर्ण खिडकीचा? युरोपातल्या कागदपत्रांत काचेसाठी ‘यूजी’ आणि पूर्ण खिडकीसाठी ‘यूडब्ल्यू’ असं लिहितात. अमेरिकेत एनएफआरसी या संस्थेचं लेबल पूर्ण खिडकीचाच आकडा देतं, ही तिथली चांगली सोय. पण तिथे एकक वेगळं आहे. अमेरिकी ०.३० म्हणजे इतर ठिकाणचे १.७. लेबलवर ०.३० बघून ‘वा, एकाहूनही कमी!’ असं म्हणण्याआधी त्याला ५.६८ ने गुणा.

दोन काचा की तीन?

तीन काचा, दोन लेप आणि अरगॉन असलेल्या काचेचा यू ०.६ ते ०.७ असतो. ऐकायला जवळजवळ निम्मा. पण एकेरीवरून चांगल्या दुहेरीवर आलात तेव्हा ४.७ ने उतरलात, आणि तिसऱ्या काचेने आणखी फक्त ०.५ ने उतरता. आत वीस अंश आणि बाहेर शून्य असताना दीड चौरस मीटरच्या एकेरी खिडकीतून सुमारे १७४ वॅट निघून जातात. पूर्ण खिडकी १.३ ची असेल तर ३९ वॅट, ०.९ ची असेल तर २७. घरात अशा दहा खिडक्या असतील तर एकेरी काचांनी पावणेदोन हजार वॅटचा एक हीटर सतत रस्त्यावर चालू ठेवल्यासारखं होतं. दुहेरीने तो चारशेच्या खाली येतो. तिसऱ्या काचेने वाचतात ते त्यानंतरचे सव्वाशे.

वजनही धरायला हवं. काचेच्या प्रत्येक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो वजन येतं. ४ मिलिमीटरच्या दोन काचा वीस किलो, तीन काचा तीस. बिजागऱ्या त्या तोलाच्या नसतील तर दोन वर्षांत पल्ला खाली झुकतो, कोपऱ्यात फट पडते आणि तिसऱ्या काचेने कमावलेलं सगळं त्या कोपऱ्यातून निघून जातं. महिनोन्‌महिने शून्याखाली राहणाऱ्या हवेत तीन काचा योग्यच. पॅसिव्ह हाऊस पद्धतीच्या घरांत, म्हणजे जवळजवळ न तापवता उबदार राहणाऱ्या घरांत, थंड-समशीतोष्ण प्रदेशासाठी पूर्ण खिडकी ०.८ च्या आत मागतात आणि ते तीन काचांशिवाय सहसा जमत नाही. सौम्य थंडीत मात्र तोच पैसा चांगल्या चौकटीवर आणि नीट बसवण्यावर घालावा असं माझं मत.

पैशापलीकडे सुखाचाही हिशेब असतो. बाहेर शून्य आणि खोलीत वीस अंश असताना एकेरी काचेची आतली बाजू सुमारे ५ अंशांवर असते. साधी दुहेरी जवळजवळ १३ अंशांवर, लेप आणि अरगॉनवाली १७ वर, तीन काचांची १८ च्या थोडी वर. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर दव जमायला ९ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. एकेरी काच सकाळी का घामेजते आणि दुहेरी का कोरडी राहते, ते यातच आलं. पहिल्या परिच्छेदातली ती रिकामी खुर्चीही यातूनच भरते. सतरा अंशांच्या काचेशेजारी बसलेला माणूस हीटर वाढवत नाही.

चौकट कशाची घ्यावी

अ‍ॅल्युमिनियम उष्णता वाहून नेण्यात लाकडाच्या किंवा यूपीव्हीसीच्या जवळजवळ हजारपट पुढे आहे. म्हणून थंडीच्या ठिकाणी अ‍ॅल्युमिनियम हवंच असेल तर ‘थर्मल ब्रेक’वालं घ्या. त्यात आतला आणि बाहेरचा धातू वेगळा असतो आणि दोन्ही पॉलिअमाइड या प्लास्टिकच्या पट्टीने जोडलेले असतात. आडवा तुकडा कापलेला नमुना दाखवायला सांगा, पट्टी डोळ्यांनी दिसते. पट्टी जितकी रुंद तितकी बरी. नुसतं तोंडी ‘आहे हो’ यावर जाऊ नका.

यूपीव्हीसी स्वस्त पडतं, रंगवावं लागत नाही, आतल्या पोकळ कप्प्यांमुळे उष्णता अडवतं. दोष इतकाच की तापमानाबरोबर ते बरंच लांब-आखूड होतं. दीड मीटरची पट्टी चाळीस अंशांच्या फरकाने चार मिलिमीटरच्या आसपास बदलते, तेवढीच काच अर्धा मिलिमीटर. ही हालचाल सील आणि रबर यांनाच सोसावी लागते, म्हणून यूपीव्हीसीमध्ये रबर हलकं घेऊन चालत नाही. लाकूड सुंदर आणि उबदार, पण त्याला रंग-पॉलिशची निगा हवी. फायबरग्लास काचेइतकंच आकुंचन-प्रसरण पावतं, म्हणून टिकतं चांगलं. किंमत जास्त आणि सगळीकडे मिळत नाही.

सामान कुठलंही असो, खिडकी उघडते कशी यावर बरंच अवलंबून असतं. बिजागरीची खिडकी बंद करताना पल्ला रबरावर दाबला जातो. कडी जितकी घट्ट ओढते तितकी फट मिटते. सरकत्या खिडकीत मात्र पल्ला सरकायला मोकळीक ठेवावीच लागते, आणि ती फट केसाळ ब्रशच्या पट्टीने झाकलेली असते. ब्रश वारा मंदावतो, थांबवत नाही. पल्ला बंद करताना उचलून दाबणाऱ्या चांगल्या सरकत्या खिडक्या असतात, पण साध्या सरकत्यांकडून थंडीत फार अपेक्षा ठेवू नये. जी खिडकी कधी उघडायचीच नाही ती पक्की बंद काचेची करावी. हवाबंदपणात तिला तोड नाही आणि चौकट कमी लागल्याने काचही मोठी मिळते.

ऊन पडणारी बाजू वेगळी

यू बघून झाला की दुसरा आकडा: उन्हाच्या उष्णतेपैकी किती हिस्सा आत येतो. याला कुठे ‘जी-व्हॅल्यू’, कुठे ‘एसएचजीसी’ म्हणतात आणि तो शून्य ते एक यांच्यामध्ये असतो. साध्या एकेरी काचेचा ०.८५ च्या आसपास, थंडीसाठीच्या चांगल्या दुहेरीचा ०.६, ऊन अडवणाऱ्या काचेचा ०.३ किंवा त्याहून कमी.

हिवाळ्यात ऊन येणारी बाजू, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेची आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेची, हा फुकटचा हीटर असतो. स्वच्छ दुपारी काचेवर चौरस मीटरमागे ५०० वॅट ऊन पडलं आणि जी ०.६ असेल तर एका चौरस मीटरमधून ३०० वॅट आत येतात. त्याच वेळी संपूर्ण खिडकीची गळती चाळीस वॅटची. त्या बाजूला ‘सगळ्या खिडक्यांना एकच काच’ म्हणून गडद काच लावली तर हा हीटर स्वतःच्या हाताने बंद केल्यासारखं होतं. पश्चिमेची बाजू उलट. तिथे उन्हाळ्याच्या संध्याकाळचं तिरकं ऊन भाजून काढतं, त्यामुळे कमी जी चालेल. एकाच घरात दोन प्रकारच्या काचा घेता येतात. विक्रेत्याला ते कटकटीचं वाटतं, तरी मागा.

ती न दिसणारी फट

आता ठेवून दिलेली गोष्ट. नवी खिडकी भोकापेक्षा थोडी लहानच मागवावी लागते, नाहीतर ती आत जाणार कशी? चारही बाजूंनी साधारण एक-दीड सेंटिमीटर जागा राहते. या जागेत काय भरलं जातं, यावर तुमच्या १.३ चं भवितव्य ठरतं. मी पाहिलेल्या बऱ्याच कामांत तिथे लाकडाच्या चिपा, सिमेंटचे गोळे आणि वरून सिलिकॉनची सुबक रेघ असते. रेघ इतकी सफाईदार की कोणाला शंकाही येऊ नये. आणि मागे सगळं पोकळ.

ही जागा कमी फुगणाऱ्या फोमने पूर्ण खोलीपर्यंत भरायला हवी. जास्त फुगणारा फोम चौकटीला पोटात दाबतो आणि पल्ला अडकायला लागतो. पण नुसता फोम पुरत नाही, काही वर्षांत तो भिंतीपासून सुटतो. म्हणून आतल्या बाजूने हवा आणि वाफ अडवणारी टेप, आणि बाहेरच्या बाजूने पावसाचं पाणी अडवेल पण आतला ओलावा बाहेर जाऊ देईल अशी टेप किंवा पट्टी. आतून जास्त घट्ट, बाहेरून थोडं मोकळं. हे उलट झालं तर खोलीतली वाफ फटीत शिरून तिथेच थिजते आणि पुढच्या हिवाळ्यात कोपऱ्यात काळी बुरशी दिसते. खिडकी बसवणाऱ्याला विचारा, ‘चौकटीभोवतीच्या जागेत काय भरणार, आणि आतून हवा कशाने अडवणार?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळे देतात. दुसऱ्यावर जो गडबडेल त्याच्याकडे काम देताना विचार करावा.

याच कारणाने जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या आत नवी खिडकी बसवायची पद्धत मला फारशी पटत नाही. तोडफोड नाही, एका दिवसात काम, हे खरं. पण भिंतीजवळची जुनी फट तशीच राहते आणि दुहेरी चौकटीमुळे काच लहान होते. उदबत्तीचा धूर भिंतीच्या कडेने वळत नसेल आणि जुनी चौकट सडलेली नसेल तरच हा मार्ग घ्यावा.

खिडक्या घट्ट झाल्या की आणखी एक गोष्ट बदलते. इतकी वर्षं फटींतून घराला आपोआप हवा मिळत होती, ती आता बंद. स्वयंपाक, अंघोळ, वाळत घातलेले कपडे आणि माणसांचे श्वास यांचा ओलावा घरातच फिरतो आणि भिंतीच्या सर्वांत गार कोपऱ्यात जाऊन बसतो. दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघडा. एक खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण हवा बदलते आणि भिंती गार होत नाहीत. घरात शेगडी, गॅस गीझर किंवा असं काही जळणारं साधन असेल तर मात्र हा सवयीचा प्रश्न राहत नाही. त्याला बाहेरची हवा मिळण्याची कायमची सोय आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र, दोन्ही खिडक्या बदलायच्या आधी झालं पाहिजे.

सगळ्याच बदलायला हव्यात का?

नाही. चांगली दुहेरी काच आधीच असेल आणि नुसता वारा येत असेल तर रबर बदला. चौकट भक्कम असेल आणि फक्त काचेच्या मध्ये धुकं जमलं असेल, जे पुसून जात नाही, तर सील फुटलंय. तेवढा काचेचा संचच बदलता येतो. जुनी लाकडी खिडकी मोडवत नसेल तर आतून दुसरी काच लावून घ्या. बाहेरची आणि आतली मिळून बरंच काम होतं, आणि दोन्हींत अंतर जास्त असेल तर आवाजही चांगलाच कमी होतो. निव्वळ वाचलेल्या इंधनातून नव्या खिडक्यांची किंमत वसूल व्हायला बहुधा पुष्कळ वर्षं लागतात, हेही मोकळेपणाने मानावं. जी खिडकी एकेरी आहे, सडली आहे किंवा जिच्यापाशी तुम्ही रोज बसता, तिथून सुरुवात करा.

आणि सुरुवात लवकर करा. खिडक्या मापावर बनतात, माप घेतल्यापासून हातात यायला कित्येक आठवडे लागतात, आणि पहिली थंड रात्र आली की सगळ्यांना एकदमच आठवण होते. शिवाय फोम, टेप आणि सिलिकॉन यांना साधारण पाच अंशांच्या वरचं तापमान आणि कोरडा पृष्ठभाग लागतो. कडाक्याच्या थंडीत लावलेलं सिलिकॉन चिकटल्यासारखं दिसतं, चिकटत नाही. ठिकाण बरंच उंचावर असेल तर मागणी देतानाच सांगा. सखल भागात सील केलेली काच उंचावर नेली की आतल्या दाबाने फुगते. त्यावर दाब सारखा करणारी बारीक नळी लावतात, पण तिच्यातून अरगॉन टिकत नाही. तेव्हा काच जवळपासच्या उंचीवर भरलेली मिळते का ते बघावं.

काम झालं की त्याच संध्याकाळी पेटती काडी, कागदाची पट्टी आणि उदबत्ती पुन्हा काढा. कारागीर समोर असताना. मग थंडीची वाट बघा. एखाद्या निरभ्र रात्रीनंतर सकाळी नव्या काचेच्या बाहेरच्या अंगावर दव साचलेलं दिसेल, जुन्या खिडकीवर कधी दिसलं नव्हतं तसं. बोटाने पुसायला जाल तर ते आतून पुसलं जाणार नाही. घाबरून बसवणाऱ्याला फोन करू नका. घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचलीच नाही, म्हणून ती काच रात्रभर उघड्यावरच्या गवतासारखी गार पडली होती. ऊन आलं की ते दव आपोआप जाईल.